विचर 4 येण्याआधी: लढाईचा सराव आणि पात्रांची ओळख, अगदी पहिल्यापासून

डिसेंबर 2024 मध्ये ‘द विचर 4’ या राक्षस मारणाऱ्या शिकाऱ्यांच्या, म्हणजे विचरांच्या, व्हिडिओ गेमची पहिली झलक आली आणि दोन प्रश्न सगळीकडे घुमू लागले. लढाई किती अवघड असेल? आणि आजवरचा नायक गेराल्ट याच्याऐवजी त्याने मुलीसारखी वाढवलेली सिरी घेऊन खेळायचं म्हणजे नेमकं काय बदलणार? ज्यांनी या मालिकेतला एकही गेम हातात घेतलेला नाही, त्यांचा तिसरा प्रश्न असतो: मी कुठून सुरुवात करू? हा लेख या तिसऱ्या प्रश्नासाठी आहे. पहिल्या दोघांची उत्तरंही वाटेत मिळतात, कारण विचरमधली लढाई बोटांच्या वेगापेक्षा तयारीवर जास्त चालते आणि ती तयारी आजही शिकता येते.

आधी माहितीचे तीन कप्पे करा

नव्या गेमबद्दल जे काही वाचाल, ते तीन कप्प्यांत टाका: कंपनीने सांगितलेलं, ट्रेलरमध्ये दिसलेलं, आणि लोकांनी जोडलेलं. निराशा बहुतेक वेळा दुसरा कप्पा पहिल्यात ओतल्यामुळे होते.

पहिल्या कप्प्यात हे येतं. मुख्य पात्र सिरी आहे. गेराल्ट गेममध्ये आहे, पण नायक नाही. सिरीने ‘ट्रायल ऑफ द ग्रासेस’, म्हणजे माणसाला विचर बनवणारी ती जीवघेणी औषधी परीक्षा, पार केली आहे. गेम अनरिअल इंजिन 5 वर बनतो आहे. विचर 3 कंपनीच्या स्वतःच्या रेडइंजिनवर होता. नव्या तीन गेमच्या मालिकेतला हा पहिला. आणि 31 डिसेंबर 2026 च्या आधी तो येणार नाही, असं गेम बनवणाऱ्या सीडी प्रोजेक्ट कंपनीने सांगितलं आहे.

दुसऱ्या कप्प्यात ट्रेलरमधली साखळी, सिरीचे मांजरासारखे डोळे, तिने प्यायलेलं पोशन (जादुई औषधी काढा), मंत्राची चमक. तो ट्रेलर आधीच रेंडर केलेला सिनेमॅटिक तुकडा होता. साखळी दिसली म्हणून खेळताना ती किती लांब जाईल, किती वेळाने पुन्हा वापरता येईल, याचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही. जून 2025 मध्ये अनरिअलच्या कार्यक्रमात दाखवलेला कोव्हिरचा प्रदेश, वाल्ड्रेस्टचा बाजार आणि सिरीची घोडी केल्पी हा भागही ‘टेक डेमो’, म्हणजे तंत्राचं प्रात्यक्षिक होता. साध्या पीएस5 वर सेकंदाला 60 फ्रेम चालतात हे त्यातून दिसलं. तलवारीचा वार किती नुकसान करतो, हे दिसलं नाही.

तिसऱ्या कप्प्यातलं मनोरंजनासाठी वाचा. त्यावर प्री-ऑर्डर करू नका.

सराव कशावर करायचा

सरळ विचर 3 घ्या. 19 मे 2015 ला आलेला हा गेम आजही या मालिकेचा सगळ्यात चांगला दरवाजा आहे, आणि सिरी यातच पहिल्यांदा तुमच्या हातात येते. पहिल्या दोन भागांची लढाई इतकी वेगळी आहे की सरावासाठी त्यांचा उपयोग थोडाच. जमल्यास ‘हार्ट्स ऑफ स्टोन’ आणि ‘ब्लड अँड वाइन’ ही दोन्ही विस्तारं असलेली पूर्ण आवृत्ती घ्या. सेलमध्ये तिची किंमत बरीच खाली येते.

कॉम्प्युटरवर खेळणार असाल तर 50 जीबी जागा रिकामी ठेवा. डिसेंबर 2022 च्या मोठ्या अपडेटनंतर गेम सुरू होताना डायरेक्टएक्स 11 की 12 असा पर्याय येतो. जुना लॅपटॉप असेल तर 11 निवडा. 12 वर रे ट्रेसिंग, म्हणजे जास्त खरा वाटणारा प्रकाश-सावलीचा परिणाम मिळतो, पण मध्यम ग्राफिक्स कार्डावर गेम अडखळतो. अडखळणाऱ्या गेममध्ये वार चुकवायची वेळ शिकता येत नाही, तेव्हा देखणेपणा गेला तरी चालेल.

नवा गेम सुरू करताना तीन गोष्टी विचारल्या जातात. ट्युटोरियल चालू ठेवा. विचर 2 चा सेव्ह ‘सिम्युलेट’ करायचा का (म्हणजे तो गेम खेळल्याचं धरून चालायचं का), याला नाही म्हणा. हो म्हटलं तर सुरुवातीच्या एका प्रसंगात दाढी करवून घेताना तुम्हाला जुन्या घटनांबद्दल प्रश्न विचारले जातात आणि नवख्याला त्यातलं काहीच कळत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे डिफिकल्टी.

डिफिकल्टी: नावांना घाबरू नका, पण फसूही नका

चार पातळ्या आहेत. ‘जस्ट द स्टोरी’, ‘स्टोरी अँड सोर्ड’, ‘ब्लड अँड ब्रोकन बोन्स’ आणि ‘डेथ मार्च’. पातळी वाढते तशी मुख्यतः शत्रूची ताकद आणि त्याच्या वाराचं नुकसान वाढतं. पण खरा कडवा फरक दुसऱ्या आणि तिसऱ्या पातळीच्या मधे आहे: खालच्या दोन पातळ्यांवर ध्यानाला बसलं की आयुष्याची पट्टी भरते, वरच्या दोनांवर भरत नाही. तिथे प्रत्येक ओरखडा खाण्याने किंवा पोशननेच भरून काढावा लागतो.

शिफारस अशी: कंट्रोलर पहिल्यांदाच हातात घेत असाल तर दुसरी पातळी. कुठलाही अ‍ॅक्शन गेम पूर्ण केला असेल तर सरळ तिसरी. सगळ्यात सोपी पातळी कथेसाठी ठीक आहे, पण तिच्यावर नुसतं बटण दाबत राहिलं तरी जिंकता येतं आणि तलवारीला लावायचं तेल, पोशन, साइन (विचरचे छोटे मंत्र) यांची गरजच पडत नाही. मग नव्या गेमसाठी हात तयार झाला असं म्हणता येणार नाही. पातळी मधेच बदलता येते. सगळ्यात वरच्या पातळीचं अचिव्हमेंट हवं असेल तेव्हा मात्र शेवटपर्यंत तिथेच राहावं लागतं.

एक विचित्र गोष्ट नवख्यांना खटकते. ‘डेथ मार्च’वर सगळ्यात अवघड भाग शेवटचा बॉस नसतो, सुरुवातीचे पाच-सहा तास असतात. तेव्हा तुमच्याकडे तेलं नसतात, पोशन नसतात, कौशल्यं एक-दोनच असतात. पुढे तयारी जमते आणि गेम हळूहळू सोपा होत जातो. म्हणून पहिल्या तासात वारंवार मेलात तर गेम सोडू नका. एक पातळी खाली या आणि लेव्हल 8-10 ला पुन्हा वर जा.

हातांचा सराव

बटणं ही. कीबोर्डवर डावं क्लिक झटपट वार, शिफ्टसह डावं क्लिक जोरदार वार, उजवं क्लिक बचाव, ऑल्ट म्हणजे बगल देणं, स्पेस म्हणजे कोलांटी, क्यू म्हणजे साइन. प्लेस्टेशनवर हेच चौकोन, त्रिकोण, एल2, वर्तुळ, क्रॉस आणि आर2.

बगल देणं आणि कोलांटी यातला फरक ज्याला कळला, त्याला अर्धी लढाई कळली. बगल दिली की तुम्ही एक पाऊल सरकता आणि शत्रू तुमच्या तलवारीच्या टप्प्यातच राहतो. कोलांटीने तुम्ही लांब जाता. परत जवळ येईपर्यंत तो पुढचा वार तयार ठेवतो. नवखे घाबरून सतत कोलांट्या मारतात, म्हणून त्यांचे वार लागत नाहीत आणि लढाई लांबते. कोलांटी फक्त मोठ्या देहाच्या राक्षसासाठी किंवा चहूबाजूंनी घेरलं गेल्यावर.

व्हाइट ऑर्चर्ड या पहिल्याच भागात नदी-तळ्याकाठी ड्राउनर हे पाण्यातले राक्षस भेटतात. त्यांच्यावर हा सराव करा:

1. एकट्या ड्राउनरसमोर उभे राहा आणि मिनिटभर एकही वार करू नका. फक्त बगल द्या. तो हात मागे कधी खेचतो, झेप कधी घेतो, ते डोळ्यात बसू द्या.
2. आता बगल, दोन झटपट वार, पुन्हा बगल. तिसरा वार करायचा मोह आवरा. बहुतेक मार तिसऱ्या वारालाच खावा लागतो, कारण तोवर शत्रू सावरलेला असतो.
3. लढाईआधी क्वेन ही साइन लावा. ही ढाल एक फटका झेलून फुटते. फुटली की मागे सरका, स्टॅमिनाची पट्टी भरू द्या, पुन्हा लावा आणि मगच आत शिरा.
4. दोन-तीन ड्राउनर एकत्र आले की लक्ष्य ‘लॉक’ करू नका. लॉक केलं की कॅमेरा एकावरच खिळतो आणि पाठीमागचा दिसत नाही. सगळ्यांना समोर ठेवत गोल फिरत राहा.

माणसांशी लढाई वेगळी. डाकूंचा वार पडण्याच्या क्षणी बचावाचं बटण दाबलं तर उलट वार बसतो. दाबून धरलं तर नुसता बचाव होतो. भाले आणि मोठ्या दोन हाती शस्त्रांसमोर यावर विसंबू नका, बगल द्या. ढालवाल्याला आर्ड या धक्का देणाऱ्या साइनने ढकला, धनुर्धराला आधी गाठा. आणि मोठ्या राक्षसाचा पंजा बचावाने अडत नाही, हे एकदा मरून सगळेच शिकतात.

तयारी: इथेच खरा विचर दिसतो

तलवारी दोन. पोलादी माणसांसाठी आणि जनावरांसाठी, चांदीची राक्षसांसाठी. लांडगे, कुत्रे, अस्वलं ही जनावरं आहेत; त्यांना पोलादच लागतं. गेम बहुधा योग्य तलवार आपोआप उपसतो, पण तुम्ही आधीच चुकीची हातात धरली असेल तर नुकसान नगण्य होतं आणि ‘लांडगे फार अवघड आहेत’ अशी तक्रार सुरू होते.

तेलं शत्रूच्या जातीनुसार लावायची. ड्राउनर आणि घूल या प्रेतं खाणाऱ्या राक्षसांसाठी नेक्रोफेज ऑइल, भुतांसाठी स्पेक्टर ऑइल, ग्रिफिनसाठी हायब्रिड ऑइल, माणसांसाठी ‘हँग्ड मॅन्स व्हेनम’. साधं तेल त्या जातीवर 10 टक्के, सुधारित 25 आणि उत्तम 50 टक्के जास्त नुकसान करतं. एकदा बनवलं की तेल संपत नाही. ठरावीक वारांनंतर उतरतं, पुन्हा लावायचं. म्हणजे कंजूषपणा करायचं काहीच कारण नाही. तरी निम्मे नवखे ते मोठ्या लढाईसाठी राखून ठेवतात आणि गेम संपेपर्यंत वापरत नाहीत. लोणच्याची बरणी पाहुण्यांसाठी वरच्या फळीवर ठेवावी तसं.

पोशनचंही तसंच. ‘स्वॉलो’ एकदा तयार केलं, साहित्य 5 सेलंडाइन, 1 ड्राउनरचा मेंदू आणि 1 ड्वार्व्हन स्पिरिट, की ते कायमचं तुमचं. संपलं की ध्यानाला बसा; सामानात कडक दारूची एक बाटली असेल तर सगळी पोशन आणि बॉम्ब पुन्हा भरतात. म्हणून कडक दारू विकू नका. पोशनने विषारीपणाची पट्टी वाढते हे मात्र लक्षात ठेवा: एकामागून एक ढोसली तर शत्रूआधी तुम्हीच कोसळाल.

सुरुवातीला पोशन कमी असतात, तेव्हा खाणं हाच आधार. पाव, पाणी, मांस, काहीही. पण खाण्याने पट्टी हळूहळू भरते, एकदम नाही. अर्धी पट्टी उरली की खा. शेवटच्या रेघेवर खाऊन उपयोग नाही.

शत्रूचा कच्चा दुवा बेस्टियरीत, म्हणजे गेममधल्या राक्षसांच्या नोंदवहीत लिहिलेला असतो. ही नोंद त्याला मारल्यावर किंवा त्याच्याबद्दलचं पुस्तक वाचल्यावर उघडते. पुस्तकविक्रेता दिसला की राक्षसांवरची पुस्तकं विकत घ्या.

आणि एक चूक, जी थक्क व्हावं इतके जण करतात: कौशल्यावर गुण खर्च केला, पण ते कौशल्य खाचेत (‘स्लॉट’मध्ये) बसवलंच नाही. खाचेत नसलेलं कौशल्य काम करत नाही. खाचांच्या गटाला जोडलेल्या जागेत म्युटाजेन (राक्षसांपासून मिळणारं, ताकद वाढवणारं द्रव्य) ठेवा आणि त्याच रंगाची कौशल्यं त्याच्या गटात बसवा, म्हणजे त्याचा जोर वाढतो. सुरुवातीला गुण कमी असतात, पण नकाशावरच्या प्रत्येक शक्तिस्थळाला पहिल्यांदा स्पर्श केला की एक गुण फुकट मिळतो. मेन क्वेस्टच्या मागे धावण्याआधी व्हाइट ऑर्चर्डमधली शक्तिस्थळं उरका. तिथेच व्हायपर स्कूलच्या (स्कूल म्हणजे विचरांचा पंथ) दोन तलवारींचे आराखडेही सापडतात, एक स्मशानातल्या तळघरात आणि एक डाकूंनी बळकावलेल्या पडक्या किल्ल्यात. पहिल्या काही तासांत यापेक्षा चांगल्या तलवारी मिळणं कठीण.

शत्रूच्या डोक्यावर लाल कवटी दिसली तर तो तुमच्यापेक्षा खूप वरच्या लेव्हलचा आहे. पळा. त्यात कमीपणा नाही. आणि लढाई नसली तरी जपून, उंचावरून उडी मारून या गेममध्ये जितके गेराल्ट मेले आहेत तितके ड्राउनरनेही मारले नसतील. 2022 च्या अपडेटने हे थोडं सौम्य केलं, थोडंच.

दोन परीक्षा

पहिली, विहिरीवरची नूनरेथ, म्हणजे भरदुपारी दिसणारं भूत. व्हाइट ऑर्चर्डच्या सूचनाफलकावर हा ठेका मिळतो. ती धूसर असताना वार आरपार जातात. जमिनीवर यिर्डेन ही सापळ्याची साइन टाका. त्या वर्तुळात आली की ती मंदावते आणि तिला देह येतो, तेवढ्यात मारा. मधे ती तीन प्रतिमांमध्ये फुटते आणि तुमची ताकद ओढू लागते. आधी प्रतिमा संपवा. नवखे इथे हमखास हरतात, कारण ते यिर्डेनच्या बाहेर जाऊन तिचा पाठलाग करतात. तुम्ही वर्तुळात थांबा, तिला येऊ द्या.

दुसरी, ग्रिफिन. हायब्रिड ऑइल लावा. तो उडाला की धनुर्यंत्राचा बाण मारा, खाली कोसळतो. जमिनीवर असताना समोर उभे राहू नका, बाजूने मारा. दोन-तीन वार आणि दूर.

हे दोन्ही तिसऱ्या पातळीवर जमले, तर नव्या गेमची भीती बाळगायचं कारण नाही.

सिरी: गेराल्टपेक्षा वेगळा हात

विचर 3 मध्ये मधूनमधून सिरीचे छोटे भाग येतात. ते घाईत संपवू नका, कारण विचर 4 चा अंदाज बांधायला याहून चांगलं साधन नाही. तिच्याकडे साइन नाहीत, पोशनचा साठा नाही, सामानाची यादी उघडत नाही. त्याबदल्यात लढतानाच तिची ताकद भरत राहते, आणि पुढच्या भागांत ती क्षणात जागा बदलून शत्रूच्या मागे उगवते. तिची लढाई वेगाची, गेराल्टची आखणीची.

आता ती परीक्षा देऊन विचर झाली आहे, म्हणजे पोशन आली. ट्रेलरमध्ये मंत्रही दिसले. तर्काने पाहिलं तर नव्या लढाईत तयारी आणि वेग दोन्ही मिसळतील. पण तिची जुनी झेप जशीच्या तशी राहिली तर कुठलाच राक्षस तिला गाठू शकणार नाही, त्यामुळे त्या शक्तीला कुठेतरी वेसण घालावी लागेल. हा आमचा अंदाज आहे, तो तिसऱ्याच कप्प्यात टाका.

कोण कोण ओळखीचं असावं

सगळी नावं पाठ करायची गरज नाही. सिरी सिंट्राच्या राणी कॅलॅन्थेची नात, पॅव्हेटाची मुलगी. बाप निल्फगार्डचा सम्राट एमिर. तिच्यात एल्फ लारा डोरेनकडून आलेलं ‘एल्डर ब्लड’ आहे, म्हणून सगळ्यांना ती हवी असते. तलवार ती केअर मोरेनच्या किल्ल्यात वेसेमिर आणि इतर विचरांकडून शिकली, जादू येनेफरकडून. गेराल्ट तिचा जन्मदाता नाही, पण बाप तोच. एवढं कळलं तरी ट्रेलरमधलं तिचं वागणं समजतं: गावकऱ्यांनी राक्षसाला वाहिलेल्या मुलीसाठी ती भांडते, कारण तिला स्वतःलाही लहानपणापासून लोकांनी असंच कुणासाठी तरी राखून ठेवलं होतं.

चेटकिणींचं मंडळ म्हणजे ‘लॉज’, त्यातली फिलिपा आणि मार्गारिटा; ट्रिस; लॅम्बर्ट आणि एस्केल हे विचर; आणि एल्फ अ‍ॅव्हलाख. यांच्याशी विचर 3 मध्ये निवांत बोला, संवाद वगळू नका. कोव्हिरही कानावर ठेवा. विचर 3 मध्ये नोविग्राड शहरातले छळलेले जादूगार जहाजाने तिकडेच पळतात, आणि टेक डेमो त्याच राज्यात घडतो. ट्रेलरमधलं नवं पदक लिंक्स या रानमांजराच्या मुखाचं आहे. विचर 3 मध्ये लांडगा, मांजर, ग्रिफिन, अस्वल आणि व्हायपर या स्कूलची शस्त्रं सापडतात, लिंक्स त्यात नाही. म्हणजे सिरीचं स्कूल नवं आहे.

तिला विचर करणारे निर्णय

इथून पुढे कथेचं गुपित फुटतं, नको असेल तर थेट शेवटच्या परिच्छेदावर जा.

विचर 3 मध्ये सिरीचे तीन शेवट आहेत: ती मरते, सम्राज्ञी होते किंवा विचर होते. नव्या गेमशी जुळणारा तिसरा. त्यासाठी केअर मोरेनच्या लढाईनंतर तिला सम्राटाकडे न नेता सरळ वेलेन या प्रदेशात जा. ती खचलेली असताना दारू पुढे न करता बर्फाचे गोळे खेळा. लॉजसमोर तिला एकटीला बोलू द्या. अ‍ॅव्हलाखच्या प्रयोगशाळेत तिचा राग बाहेर पडू द्या, शांत हो म्हणू नका. आणि स्काल या तरुणाच्या थडग्यावर तिच्यासोबत जा. थोडक्यात, तिला सांभाळू नका, तिच्यावर विश्वास टाका. या प्रत्येक ठिकाणाआधी वेगळा सेव्ह ठेवा. नंतर कुठली निवड मोजली गेली हे गेम सांगत नाही.

विचर 4 जेव्हा येईल तेव्हा परीक्षणं वाचताना तीन गोष्टी शोधा. परीक्षकाने कुठल्या पातळीवर खेळलं? पातळी वाढवल्यावर फक्त शत्रूची पट्टी लांबते की त्याचं वागणंही बदलतं? ध्यानाने ताकद भरते की नाही? तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्याच गावात पाव आणि कडक दारू विकत घ्या.